स्वस्त ताटाचे उरलेले पैसे कोण भरतो? इच्छापोर-हजिरा पट्ट्यातून एक आढावा

प्रश्न कोणाचा

सुरतेहून हजिऱ्याकडे निघाले की वाटेत इच्छापोर लागते. हिरे-दागिन्यांच्या कारखान्यांसाठी वसवलेले जेम अँड ज्वेलरी पार्क इथे आहे. पुढे कवास, मोरा आणि मग हजिऱ्याची पोलाद, खत, वायू आणि बंदराची अवजड वसाहत. हा महामार्ग आता ५३ क्रमांकाचा, जुन्या लोकांच्या तोंडी अजून 'सहा नंबर'च. हजिऱ्याला सुरू होणारा हा रस्ता नवापूर, धुळे, जळगाव, नागपूर, रायपूर करत थेट ओडिशातल्या पारादीपला पोचतो. सुरतेला हात पुरवणारे खान्देश आणि ओडिशा हे दोन्ही मुलूख एकाच रस्त्यावर आहेत.

'सुरतेचे जेवण आणि काशीचे मरण' ही म्हण इथे सगळ्यांना पाठ असते. तिच्यात घारी आहे, उंधियू आहे, हिवाळ्यातला पोंक आहे. पण खोलीत चूल नाही, जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची आहे आणि पगारातला मोठा वाटा गावाकडे पाठवायचा आहे, अशा माणसाचा प्रश्न त्या म्हणीत बसत नाही. मध्यमवर्गाच्या लेखी बाहेर खाणे ही चैन. याच्या लेखी ती रोजची गरज. त्याने दोन वेळा कुठे जेवावे, किती पैशांत जेवावे आणि ते स्वस्त राखण्याची जबाबदारी कोणाची, यावर गेली पन्नास वर्षे बरेच प्रयोग आणि बराच वाद झाला आहे. त्याचा हा आढावा.

वाद बहुतेक वेळा भावाभोवती फिरतो: एक रुपयाची झुणका-भाकर, पाच रुपयांचे ताट, दहा रुपयांची थाळी. पण डाळ, तांदूळ आणि तेल सर्वांना जवळपास सारख्याच दराने मिळतात. ताट बाजारभावापेक्षा स्वस्त असेल, तर फरकाची रक्कम कोणीतरी भरत असतो: कधी सरकार, कधी मालक, कधी रांधणारी बाई, कधी खाणाऱ्याची तब्येत. ती कोण भरतो, एवढा एक प्रश्न धरून पाहिले की वेगवेगळ्या बाजू स्पष्ट दिसू लागतात.

मागची वाट

परगावी पोट भरण्याच्या सोयी महाराष्ट्राला नव्या नाहीत. पुण्यात शिकायला आलेली गरीब मुले माधुकरी मागत, नाहीतर सात घरी सात वार लावून जेवत. तो खर्च धर्मबुद्धीने चालणाऱ्या घरांचा होता. गिरण्या आल्या आणि सोय बदलली. मुंबईच्या गिरणगावात कोकण-घाटावरून एकट्याने आलेला कामगार चाळीतल्या खानावळीत जेवू लागला. खानावळवाली बाई महिनाभर दोन वेळा वाढायची आणि पैसे पगाराच्या दिवशी मिळायचे. वाण्याकडून उधार आणायचे आणि कामगाराला उधार वाढायचे, अशा दोन उधाऱ्यांमध्ये तिचा सगळा धंदा उभा होता.

१९७४ च्या गिरणी संपात ही व्यवस्था किती नाजूक आहे ते दिसले. पगार थांबले, जेवणे थांबली नाहीत. बायकांनी भांडी-दागिने गहाण टाकून संपकऱ्यांना जेवू घातले. या अनुभवातून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि खानावळवाल्यांना राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून दिले. सावकाराचे व्याज सुटले की त्याच भावात ताट परवडते, हा त्यांचा साधा हिशेब होता. १९८२ च्या संपानंतर गिरण्याच आटल्या आणि खानावळींचे गिऱ्हाईक विखुरले.

खानावळींपलीकडेही शहराने वेगवेगळ्या काळात इतर उत्तरे शोधली. माटुंग्यात १९४२ पासून उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंगसारख्या ठिकाणी नोकरदाराला शिस्तीचे, पोटभर ताट मिळू लागले. १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर वडा पावात बसला आणि उभ्या उभ्या, एका हाताने खाण्याची सोय झाली. १९९५ मध्ये युती सरकारने एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रे काढली. अनुदान आटले तशी भाकर गेली. पुष्कळ ठिकाणी स्टॉल उरले आणि त्यावर वडे-सामोसे विकले जाऊ लागले. जागा मोक्याची आणि भाव तोट्याचा असेल तर काय होते, याचा दाखला म्हणून आजही त्या केंद्रांचे नाव निघते.

सुरतेची वाट थोडी वेगळी. तापी खोऱ्याच्या रेल्वेने हे शहर खान्देशाशी शंभराहून अधिक वर्षे जोडलेले आहे. लिंबायत, उधना, डिंडोली या भागांत जळगाव, धुळे, नंदुरबारची माणसे कुटुंबे घेऊन स्थिरावली. घर आले की चूल आली. त्यामुळे तिथे शेवभाजी, भाकरी, पोळीभाजीचा डबा मिळतो, शेजारणीच्या घरी दोन माणसांचे जास्तीचे रांधलेही जाते. यंत्रमागावरचा ओडिया कामगार मात्र बहुधा एकटा आला. त्याच्यासाठी वेड रोड, पांडेसरा, अंजना भागांत 'मेस' उभ्या राहिल्या. तिथे जेवण आणि झोपायची जागा एकत्र मिळते. दिवसपाळीचा माणूस उठला की त्याच जागेवर रातपाळीचा झोपतो. इच्छापोर शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे. तिथल्या माणसाला लिंबायतची भाकरीही लांब आणि वेड रोडची मेसही लांब.

इच्छापोरच्या रस्त्यावरचा हिशेब

या पट्ट्यात साधारण चार सोयी आहेत. सकाळी लारीवरचा नाश्ता. दुपारी कारखान्याचे कॅन्टीन किंवा आणलेला डबा. रात्री भोजनालयाची 'फिक्स थाळी', म्हणजे मोजक्या रोटल्या, एक-दोन शाक, दाळ, भात. आणि महिन्याची मेस किंवा लावलेला डबा.

सकाळच्या लारीवर लोचो बनताना पाहण्यासारखा असतो. भिजवलेली चणाडाळ वाटून सैल पीठ करतात, ताटलीत ओततात आणि वाफवतात. खमणासारखे ते फुगून घट्ट होत नाही, म्हणून वड्या पडत नाहीत. कालथ्याने खरवडून कागदी डिशमध्ये टाकतात. वर तेल किंवा बटर, मसाला, शेव, कच्चा कांदा, हिरवी चटणी. तळण नाही, भाजीचा खर्च नाही, एका पातेल्याच्या वाफेवर एकामागून एक ताटल्या निघतात. तो परवडतो तो यामुळे. डाळीचा असल्याने पोटालाही धरतो. पण तो नाश्ता आहे. दुपारपर्यंत लोखंड उचलणाऱ्याला तेवढ्यावर भागत नाही.

मेसचा हिशेब वहीत असतो. नाव, तारीख, दोन वेळांच्या दोन खुणा. गावी जायचे असेल तर आधी सांगायचे, मग 'खाडा' धरतात. किती दिवस सलग गैरहजर राहिल्यावर खाडा धरायचा, हे मालक ठरवतो आणि कटकटी बहुतेक तिथेच होतात. ओव्हरटाइम लागला आणि जेवण चुकले, तर ते बुडाले. तरी लोक मेस सोडत नाहीत, कारण भात आणि रोटली पोटभर मिळते आणि पगार लांबला तर मालक थांबतो.

आता आकडे मांडू. समजा हातात महिना १२ हजार रुपये येतात. भोजनालयाचे ताट ७० रुपयांचे धरले आणि दोन वेळा घेतले, तर महिन्याला ४,२०० होतात. चहा-नाश्त्याचे रोजचे ४० रुपये धरून आणखी १,२००. एकूण ५,४००, म्हणजे पगाराच्या ४५ टक्के. मेस ३,००० रुपयांत लागली आणि चहा-नाश्ता निम्म्यावर आणला, तर खर्च ३,६०० वर, ३० टक्क्यांवर येतो. कामाच्या २६ दिवसांचे दुपारचे ताट ५ रुपयांत मिळाले, तर मूळचा ५,४०० चा खर्च सुमारे ३,७०० वर उतरतो. हे आकडे नमुन्याचे आहेत, पण एक गोष्ट त्यातून दिसते: निम्म्या चहा-नाश्त्यासह महिन्याची मेस आणि दिवसाचे एक सरकारी ताट यांतून होणारी बचत जवळपास सारखी आहे.

तुलनेला एक सरकारी आकडा घेऊ. २०२३-२४ च्या घरगुती खर्चाच्या पाहणीनुसार शहरी भारतात दरडोई मासिक खर्च सरासरी ६,९९६ रुपये होता आणि त्यातले सुमारे ४० टक्के अन्नावर जात होते. त्यातही पेये आणि तयार खाद्यपदार्थ यांचा वाटा सर्वांत मोठा, ११ टक्क्यांच्या आसपास. बाहेरचे खाणे आता किरकोळ बाब राहिलेली नाही.

पहिली बाजू : ताट सरकारने द्यावे

या बाजूचे म्हणणे असे: शहर ज्यांच्या श्रमावर चालते त्यांचे पोट शहराने सांभाळावे, एक सकस जेवण स्वस्त झाले तर उरलेला पगार घरी जातो. चेन्नईत फेब्रुवारी २०१३ मध्ये अम्मा उणवगम सुरू झाले. तिथे एक रुपयाला इडली, पाच रुपयांना सांबारभात मिळू लागला आणि बचतगटांच्या बायकांना काम मिळाले. ओडिशात २०१५ पासून 'आहार' केंद्रांवर पाच रुपयांत भात-डालमा, बंगळुरूत १६ ऑगस्ट २०१७ पासून इंदिरा कॅन्टीन. महाराष्ट्रात २६ जानेवारी २०२० ला शिवभोजन आले: दहा रुपयांत दोन चपात्या, भाजी, भात, वरण. शहरात थाळीमागे ४० आणि ग्रामीण भागात २५ रुपये सरकार भरणार, असे ठरले. कोरोनाकाळात थाळी पाच रुपयांना आणि पुढे काही महिने मोफतही दिली गेली.

गुजरातने वेगळा मार्ग धरला. जुलै २०१७ मध्ये श्रमिक अन्नपूर्णा योजना दहा रुपयांच्या जेवणाने सुरू झाली, कोरोनात थांबली आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये पाच रुपयांवर पुन्हा चालू झाली. मजूर जिथे कामाच्या प्रतीक्षेत उभे राहतात त्या कडियानाक्यांवर तिची केंद्रे असतात. योजना बांधकाम कामगार कल्याण मंडळाची आहे आणि मंडळाचा पैसा बांधकामावरच्या उपकरातून येतो. म्हणून हक्क नोंदणी झालेल्या बांधकाम मजुराचा. निधीचा स्रोत पक्का, ही या रचनेची जमेची बाजू. पण हिरे घासणारा, कंत्राटी फिटर, कंटेनरचा क्लीनर हे सगळे तिच्या बाहेर राहतात.

सरकारी ताटावरचे आक्षेप तीन. पहिला पैशाचा: अनुदान वेळेवर आले नाही की केंद्रचालक आधी दर्जा कमी करतो, मग केंद्र बंद करतो. शिवभोजनच्या थकबाकीच्या तक्रारी वारंवार आल्या. केरळात कुटुंबश्रीच्या बायकांनी चालवलेल्या जनकीय हॉटेलांत २० रुपयांत जेवण मिळे; ऑगस्ट २०२३ मध्ये प्रत्येक जेवणामागचे दहा रुपयांचे अनुदान थांबल्यावर भाव ३० वर गेला. दुसरा आक्षेप राजकारणाचा: आंध्र प्रदेशात २०१८ ला सुरू झालेली अन्ना कॅन्टीन सत्ता बदलताच २०१९ मध्ये बंद झाली आणि सत्ता पुन्हा बदलल्यावर ऑगस्ट २०२४ मध्ये उघडली. तिसरा वेळेचा: केंद्राची वेळ ठरलेली, ताटांची संख्या ठरलेली, आणि पाळीचा माणूस नेमका तेव्हा यंत्रापाशी.

दुसरी बाजू : बाजाराला जागा द्या

दुसरे म्हणणे असे की स्वस्त खाणे शहरात आधीपासून आहे. लारीवाले आणि खानावळी ते रोज देतात, तेही अनुदानाशिवाय. ते पहाटे चार वाजता उघडतात, रातपाळी सुटते तेव्हा गेटवर असतात, अर्धी प्लेट देतात, ओळखीवर उधार देतात. त्यांच्या वाटेतले काटे काढले की भाव आपोआप उतरेल.

काटे कोणते? पहिला जागेचा. पथविक्रेत्यांसाठी २०१४ मध्ये केंद्राचा कायदा आला. नगर पथविक्रेता समिती, तिच्यात किमान ४० टक्के विक्रेत्यांचे प्रतिनिधी, दर पाच वर्षांनी सर्वेक्षण आणि शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घेण्याची तरतूद त्यात आहे. अंमल मात्र शहरागणिक वेगळा. शिवाय कायदा शहरातल्या फुटपाथला डोळ्यापुढे ठेवून लिहिलेला आहे. महामार्गाच्या कडेला, कारखान्याच्या भिंतीलगत उभ्या राहणाऱ्या लारीचे काय, हा इच्छापोरसारख्या ठिकाणचा प्रश्न त्यात पुरता सुटत नाही. दुसरा काटा भांडवलाचा. जून २०२० पासून पीएम स्वनिधी योजनेत विक्रेत्याला पहिल्यांदा १० हजारांचे कर्ज मिळू लागले. खानावळवाल्यांसाठी प्रेमा पुरव यांनी जे केले त्याचाच हा मोठा अवतार म्हणता येईल. तिसरा इंधनाचा. नियमाने धंद्याला १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर लागतो आणि तो घरगुती १४.२ किलोच्या सिलिंडरपेक्षा किलोमागे महाग पडतो. स्वस्त ताट देणाऱ्यावर इथेच नियम मोडण्याचा मोह येतो.

या बाजूवर आक्षेप असा की बाजार स्वस्त दिसतो, कारण त्यात घरच्या बाईचे आणि पोराचे श्रम धरलेले नसतात. मालक गल्ल्यावर, बायको भाकऱ्यांवर, भाचा ताटे धुवायला. यांतल्या एकाचाच पगार हिशेबात येतो, तोही नेहमी नाही. २०१९-२० च्या आर्थिक पाहणीतल्या 'थालीनॉमिक्स' प्रकरणाने २००६-०७ च्या तुलनेत शाकाहारी थाळी कामगाराला २९ टक्क्यांनी अधिक परवडू लागल्याचे सांगितले होते. पण तो हिशेब घरी रांधलेल्या थाळीच्या सामानाचा आणि इंधनाचा होता. रांधण्याची मजुरी आणि जागेचे भाडे त्यात नव्हते. ज्याला घरच नाही त्याला ती थाळी त्या भावात मिळत नाही.

तिसरी बाजू : मालकाने जेवू घालावे

तिसरे म्हणणे कायद्याचा आधार घेते. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम ४६ नुसार २५० हून अधिक कामगार असलेल्या कारखान्याला कॅन्टीन सक्तीचे करता येत होते. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात ही मर्यादा १०० होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या श्रम संहितेत कंत्राटी धरून १०० कामगार असले की कॅन्टीनची तरतूद लागू होते. कॅन्टीन दारातच असल्याने अर्ध्या तासाच्या सुट्टीत जेवण होते, आणि मालकालाही पोट भरलेला, वेळेवर परतणारा माणूस मिळतो. हजिऱ्याच्या मोठ्या कारखान्यांत ही व्यवस्था जुनी आहे.

अडचण आहे ती छोट्या युनिटांची. शंभराच्या आतला कारखाना, दहा घंट्यांचा (हिरे घासण्याच्या चाकांचा) विभाग, पाच-सात माणसांचे गॅरेज यांना हा नियम लागत नाही. मोठ्या कारखान्यातही कायम, कंत्राटी आणि बाहेरून आलेला ट्रकचालक यांच्यासाठी कॅन्टीनचा दर किंवा दरवाजा वेगळा असू शकतो. एकाच रस्त्यावर, एकाच दुपारी, शेजारी शेजारी काम करणारी तीन माणसे अशी तीन भावांत जेवतात: एक पाच रुपयांत, एक कॅन्टीनच्या सवलतीत, एक बाजारभावाने. गरज तिघांची सारखी, कागद वेगळा. आणि काम सुटले की कॅन्टीनही सुटते. हिरे व्यवसायातल्या गेल्या काही वर्षांच्या मंदीत हे अनेकांनी अनुभवले.

चौथी बाजू : ताट नको, चूल द्या

चौथे म्हणणे कमी ऐकू येते, पण वजनदार आहे. बाहेर खाण्याचा प्रश्न मुळात घराचा आहे, असे ते सांगते. खोलीत पाण्याचा नळ, ओटा आणि गॅस असेल तर चार जण मिळून निम्म्या खर्चात जेवतील. त्यासाठी रेशनकार्ड परराज्यात चालले पाहिजे ('एक देश, एक रेशनकार्ड' ते करू पाहते), छोटा सिलिंडर पत्त्याच्या पुराव्याशिवाय मिळाला पाहिजे (पाच किलोचा तसा मिळतो) आणि भाड्याच्या खोल्या राहण्याजोग्या झाल्या पाहिजेत.

यावरचा आक्षेप वेळेचा आहे. बारा तासांच्या पाळीनंतर रांधायचे कोणी? चौघांच्या चार पाळ्या असतील तर एकत्र चूल पेटत नाही. आणि 'घरी रांधा' या सल्ल्याचा भार कुटुंब आल्यावर बहुधा बाईवर पडतो, जिला स्वतःलाही साडीवर टिकल्या लावण्याचे किंवा धागे कापण्याचे काम असते.

ताटात काय असावे

भावाइतकीच चर्चा ताटातल्या ऐवजाची आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या निकषांनुसार मध्यम श्रम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला २,७१०, तर जड श्रम करणाऱ्याला ३,४७० उष्मांक लागतात. शिवभोजनच्या ठरलेल्या मापाचा (३० ग्रॅमच्या दोन चपात्या, १५० ग्रॅम भात, १०० ग्रॅम वरण, १०० ग्रॅम भाजी) ढोबळ हिशेब केला तर साडेपाचशे ते सहाशे उष्मांक होतात. कार्यालयात बसणाऱ्याला ते पुरेल. मध्यम श्रमाच्या माणसाला एका जेवणातून नऊशेच्या आसपास हवेत. म्हणून तो दहा रुपयांच्या थाळीनंतर वडापाव खातो आणि ताटाचा खरा भाव तिथे वाढतो. मेसमधला अमर्याद भात त्याला का आवडतो, याचे उत्तरही इथेच आहे. पण भाताने पोट भरते, प्रथिनांची तूट राहते.

प्रथिनांचा स्वस्त पर्याय म्हणून सुरतेत अंड्याच्या लाऱ्या आहेत आणि त्यांचे 'घोटाळो' आणि 'खिमो' हे अंड्याचे पदार्थ प्रसिद्ध आहेत. नोव्हेंबर २०२१ मध्ये गुजरातच्या काही शहरांत रस्त्यावरच्या मांसाहारी आणि अंड्याच्या लाऱ्या हटवण्यावरून वाद झाला. एका बाजूने स्वच्छता, वाहतूक आणि लोकांच्या भावनांचा मुद्दा मांडला गेला, दुसऱ्या बाजूने उपजीविकेचा आणि खाण्याच्या निवडीचा. अहमदाबादेतल्या विक्रेत्यांनी प्रकरण उच्च न्यायालयातही नेले. स्वस्त पोषणाच्या अंगाने मात्र या वादाकडे फारसे पाहिले गेले नाही.

स्वच्छतेला सुरतेत स्वतःचा इतिहास आहे. सप्टेंबर १९९४ च्या प्लेगनंतर १९९५ मध्ये आलेले आयुक्त एस. आर. राव यांनी शहर साफ करताना खाद्यगृहांवरही कडक कारवाई केली. स्वच्छ सर्वेक्षण २०२३ मध्ये सुरत इंदूरबरोबर पहिली आली. आज रस्त्यावरच्या खाण्याचा मोठा धोका तेलात आहे. पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलातले ध्रुवीय घटक २५ टक्क्यांहून अधिक झाले की ते वापरू नये, असा नियम १ जुलै २०१८ पासून आहे. लारीवर ते मोजणारे यंत्र नसते. मोजणी होते ती रंगावर आणि वासावर. नियम कडक केला तर भाव चढतो, सैल सोडला तर भरपाई खाणाऱ्याची तब्येत करते. अहमदाबादच्या कांकरिया तलावाकाठच्या विक्रेत्यांना प्रशिक्षण देऊन २०१८ मध्ये 'क्लीन स्ट्रीट फूड हब'चा देशातला पहिला दर्जा दिला गेला. तिथे येणारे गिऱ्हाईक फिरायला आलेले असते. कारखान्याच्या गेटवर तोच प्रयोग कोणत्या भावात जमेल, हे वेगळे.

काय सुटलेले नाही

चारही बाजू ऐकल्यावर काही बाबतीत एकमत दिसते. एकट्या भावाने काम भागत नाही. रांधणाऱ्या बायकांना स्वस्त भांडवल मिळाले तर ताट स्वस्त होते. आणि कोणतीही एक व्यवस्था सगळ्यांना पुरत नाही. मतभेद आणि अनुत्तरित प्रश्न मात्र पुष्कळ आहेत.

पहिला, हक्क कोणाला? कार्ड पाहून द्यायचे की समोर उभ्या असलेल्या प्रत्येकाला? कार्ड मागितले तर पैसा नेमका पोचतो, पण कालच गावाहून उतरलेला माणूस उपाशी राहतो. सर्वांना दिले तर खर्च फुगतो आणि ज्याला परवडते तोही रांगेत उभा राहतो. स्टेशनवरच्या जनरल डब्यासमोर २० रुपयांचे इकॉनॉमी जेवण विकताना रेल्वे तिकिटापलीकडे काही विचारत नाही. कामगार वस्तीत तसे करता येईल का?

दुसरा, जागा. पाच रुपयांचे केंद्र दोन किलोमीटरवर असेल तर रिक्षाचे भाडे ताटापेक्षा जास्त होते. कडियानाका सकाळी भरतो आणि पांगतो. औद्योगिक पट्टा चोवीस तास चालतो. केंद्रे नाक्यावर असावीत, गेटवर असावीत की वस्तीत, याचे उत्तर कामाच्या प्रकारावर बदलते.

तिसरा, बाजाराशी नाते. सरकारी केंद्र सुरू झाले की शेजारच्या लारीवालीचे गिऱ्हाईक तुटते का? की तिलाच ताटामागे अनुदान देऊन केंद्र तिच्याकडे सोपवावे? शिवभोजनात खानावळी आणि बचतगटांना केंद्रे दिली गेली, हे या दिशेचे पाऊल. पण थकबाकी झेलण्याची ताकद बचतगटात किती, हा प्रश्न लगेच मागून येतो.

चौथा प्रश्न उधारीचा, आणि माझ्या मते चर्चेत सर्वांत दुर्लक्षित तोच आहे. गिरणगावची खानावळ आणि आजची मेस यांचा खरा गुण भावापेक्षा पत देण्यात आहे. पाच रुपयांचे ताट रोख मागते. मेसवाला पगारापर्यंत थांबतो. ही पत तुटली की काय होते ते २०२० च्या टाळेबंदीत दिसले. काम थांबले, पगार थांबले, मेसमालकांकडचा किराणा संपत आला. १० एप्रिलला सुरतेच्या लसकाण्यात कामगार रस्त्यावर आले, ९ मे रोजी हजिऱ्याजवळच्या मोऱ्यात. मुख्य मागणी गावी जाऊ देण्याची होती; पण पगार आणि मेसच्या वहीवर उभे असलेले रोजचे जेवण एकाच फटक्यात कसे कोसळते, हेही त्या दिवसांनी दाखवले. भाव कमी करणाऱ्या योजना आज अनेक आहेत. कामाविना गेलेल्या महिन्यात मेसवालीची वही कोण सावरणार, याची योजना अजून कोणाकडे नाही.

म्हणून इच्छापोरसारख्या ठिकाणी पुढचे केंद्र, कॅन्टीन किंवा परवानाधारक लारी जाहीर होईल तेव्हा भावासोबत चार गोष्टी विचारून घ्याव्या लागतील. अर्ध्या तासाच्या सुट्टीत तिथे जाऊन येता येते का? जेवून उठल्यावर पुढचे पाच तास काम करण्याइतके पोट भरते का? खिसा रिकामा असलेल्या आठवड्यात तिथे जेवता येते का? आणि ताटाचे उरलेले पैसे भरणारा पुढच्या वर्षीही ते भरणार आहे का? आजवरच्या बहुतेक प्रयोगांनी यांतल्या एका-दोन प्रश्नांची चांगली उत्तरे दिली आहेत. चारांची एकदम देणारा प्रयोग अजून व्हायचा आहे.